आधी हातोडी, मग ब्रश

गंज थांबवणं वेगळं आणि गंज झाकणं वेगळं. ट्रेडच्या पहिल्या वर्षी हा फरक तुला समजला होता, पेपरातही नीट लिहिला होतास. मग गरौठ्यात स्वतःचं गॅरेज टाकल्याबरोबर तो गेला कुठं? आज मी बोलणार आहे आणि तू ऐकणार आहेस. मध्ये ‘पण सर’ म्हणायचं नाही. तुझे सगळे ‘पण सर’ फोनवर ऐकून झालेत. आज त्यांचाच एकेक करून समाचार घ्यायचा आहे.

खत आणि मटार वाहणारी ती पिकअप तुझ्याच हातची. पावसाळ्याआधी मालकाकडून ‘अंडरबॉडी कोटिंग’चे पैसे मोजून घेतलेस. मागून कटकट आवाज येतो म्हणून तो माणूस गाडी घेऊन झाशीला माझ्याकडे आला. मी खाली शिरलो. वरवर बघणाऱ्याला सगळं नवंकोरं वाटेल असं काळंभोर, जाड, एकसारखं काम. मी बॉलपीन हातोडी घेतली आणि चेसिसवर ठोकत ठोकत मागं गेलो. पुढं आवाज खणखणीत. मधल्या क्रॉस मेंबरपाशी जरा बसका. आणि मागच्या पाट्याचं पुढचं टोक ज्या ब्रॅकेटमध्ये बसतं, तिथं नुसतं भद्द झालं. तळहाताएवढा कोट एका तुकड्यात निखळून माझ्या हातात आला. त्याच्या आतल्या अंगाला गंजाचा पोपडा चिकटलेला होता आणि पोपड्याच्या मागं तुमच्या गरौठ्याची काळी माती, ओली. रस्त्यावर धूळ उडत होती आणि तुझ्या कोटाखाली चिखल होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून जरा दाबलं, तर ते पत्र्यातून थेट आत गेलं.

त्या ब्रॅकेटच्या जोरावर मागचा एक्सल जागेवर राहतो, हे तुला नव्यानं सांगायला नको. ब्रॅकेट फाटलं की एक्सल एका बाजूनं मागं सरकतो आणि भरलेली गाडी चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही. मटाराच्या पोत्यांवर चार माणसं बसलेली असतात, तीही तुला माहीत आहेत, तुझ्याच गावची आहेत. तू कोट मारला नसतास तर मालकाला तो गंज दिसला असता, त्यानं वेळेवर ब्रॅकेट बदललं असतं. तू काळा रंग मारलास आणि ‘आता काळजी नको’ म्हणालास, म्हणून त्यानं खाली वाकून बघणं सोडलं. गाडीचं आयुष्य वाढवायचे पैसे घेतलेस आणि धोक्याची खूण पुसून टाकलीस. याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. ही फसवणूक आहे, मग ती तुझ्या मनात असो वा नसो.

आता तुझी पहिली सबब. ‘सर, इथं काय समुद्र आहे?’ गंज म्हणजे कोकणातला रोग, मालवण-रत्नागिरीच्या गाड्यांना होणारा. बुंदेलखंडात वर्षातले कितीतरी महिने हवा कोरडी, म्हणून इथं काहीही फासलं तरी चालतं! अरे, तू राहतोस कुठं? गुरसरायच्या खेरांच्या पदरी जी मराठी घरं या मुलखात आली, त्यांतलं तुझं घर. पिढ्यान्पिढ्या या मातीत गेल्या. मार आणि काबर या दोन काळ्या मातींची नावं तुझ्या आजीलाही पाठ असतील. ही माती पाणी धरून ठेवते म्हणून इथं गहू आणि हरभरा उभा राहतो. तीच माती क्रॉस मेंबरच्या डोक्यावर, ब्रॅकेटच्या कोपऱ्यात, पाट्यांच्या मधल्या फटीत बसली की लोखंडाशीही पाणी धरून ठेवते. आभाळातून पडलेलं पाणी तासाभरात वाळतं, मातीत अडकलेलं आठवडा आठवडा हटत नाही. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एवढंच लागतं, दोन्ही त्याला तिथं बसल्या जागी मिळतं.

वर खत. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की युरिया हवेतलं पाणी ओढायला लागतो. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि समुद्राच्या मिठात लोखंडाचा जो वैरी असतो तोच हा क्लोराइड. फाटक्या पोत्यातून सांडलेले दाणे फळ्यांच्या फटींतून चेसिसवर पडतात, रात्री दव पडलं की विरघळतात. एरचकडून नदीची ओली वाळू, म्हणजे मौरंग, भरून येणाऱ्या गाड्यांचं पाणी वाटभर चेसिसवर ठिबकत असतं. डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडे धुकं पडतं, तेव्हा सकाळी चेसिसवर हात फिरवून बघ, हात ओला होईल. समुद्र गरौठ्यात येत नाही, पण त्याचा क्लोराइड तू पोत्यांत भरून गाडीवर चढवतोस. म्हणून पहिला धडा पुन्हा घोकून घे: कोटिंग निवडण्याआधी गाडी काय वाहते, कुठून जाते आणि रात्री कुठं उभी राहते, हे मालकाला विचारायचं. तू त्याला एकच प्रश्न विचारलास, ‘काळा मारू का राखाडी?’

दुसरी सबब, ‘सर, धुऊन घेतली होती गाडी.’ हो, सकाळी धुतलीस आणि दुपारी गन चालवलीस! बॉक्स सेक्शनच्या आतलं पाणी, दोन पत्र्यांच्या सांध्यातलं पाणी, ब्रॅकेटच्या मागं राहिलेला चिखल, हे सगळं दुपारपर्यंत वाळलं? ओलसर पापड डब्यात भरून झाकण घट्ट लावलं तर बुरशी आतून येते, हे तुझ्या घरातल्या कुठल्याही बाईला विचार. रबरी कोटाचं तेच होतं. तो बाहेरचं पाणी अडवतो आणि आतलंही अडवतो. पुढं दगड लागून एका ठिकाणी चिरला की त्या चिरेतून पाणी आत जातं, बाहेर यायला मात्र त्याला वाट नाही. गंज मूळच्या लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो. तो आतून फुगतो, कोट उचलतो, उचललेल्या कोटाखाली आणखी पाणी शिरतं. दोन पत्र्यांच्या मध्ये सापडला तर पत्रेसुद्धा फाकवतो.

स्वच्छ करणं म्हणजे काय, ते पुन्हा सांगतो. आधी खरवडणीनं माती काढायची, कोपऱ्यांतली, सांध्यांतली, क्रॉस मेंबरच्या वरची. मग डिग्रीझरनं तेल आणि ग्रीस घालवायचं. घासणं त्याच्या नंतर. तेलकट लोखंडावर आधी कप ब्रश फिरवलास तर तेल नुसतं पसरतं आणि त्यावर कुठलाही प्रायमर धरत नाही. मग जोराच्या पाण्यानं धुणं, खताचा अंश राहू नये म्हणून आतूनही. मग कंप्रेसरची हवा प्रत्येक भोकातून, आणि पूर्ण एक दिवस ऊन. त्यानंतर हातोडी. इंचाइंचावर ठोकायचं, जिथं आवाज बसेल तिथं खडूनं खूण करायची. पत्रा जिथं कुजला आहे तिथं रंगाचं काम संपलं, कापण्या-बदलण्याचं काम सुरू झालं. भोक बुजवणारं कोटिंग या जगात नाही.

जो पत्रा शाबूत आहे तो घासायचा. आयएसओ 8501 मध्ये दर्जे दिलेत, मी तुम्हाला ते फळ्यावर लिहून दिले होते. हातानं किंवा ग्राइंडरच्या ब्रशनं घासून धातूची चमक दिसेपर्यंत नेलं तर तो ‘एसटी 3’, ब्लास्टिंग करून जवळजवळ पांढरा धातू काढला तर ‘एसए अडीच’. जो प्रायमर एसए अडीच मागतो त्याला एसटी 3 देऊन चालत नाही. ब्लास्टिंग केलेलं लोखंड उघडं असतं, ते चार-एक तासांच्या आत प्रायमरखाली गेलं पाहिजे. रात्रभर ठेवलंस तर सकाळी तांबूस झालेलं सापडेल आणि काम पुन्हा पहिल्यापासून.

आणि इथं एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐक. ‘सर, बेतव्याची मौरंग फुकटात मिळते, तीच ब्लास्टिंगला वापरू’ असं तू म्हणालास. खबरदार! नदीच्या वाळूत सिलिका असते. ती जोरानं लोखंडावर आपटली की तिची पूड होते, डोळ्याला न दिसणारी, आणि ती फुप्फुसात जाऊन बसते. त्या रोगाचं नाव सिलिकोसिस, त्यावर औषध नाही. पलीकडे मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कामगार याच धुळीनं ऐन तरुणपणी गेले, ते देशभर गाजलं होतं. गनमागं उभा राहणारा पोरगा तुझ्याकडे कामाला आहे, त्याच्या आईनं तो तुझ्या भरवशावर पाठवला आहे. ब्लास्टिंगला स्टील ग्रिट, गार्नेट किंवा तांब्याचा स्लॅग, आणि तोंडावर हवेचा पुरवठा असलेलं हेल्मेट. ते परवडत नसेल तर ब्लास्टिंग करायचं नाही. वायर ब्रशनं एसटी 3 पर्यंत ने आणि त्याला मानवणारा प्रायमर निवड. ते काम प्रामाणिक असेल.

आता मूळ दुखण्याकडे येतो. तू चेसिस, पाटे, यू-बोल्ट, शॉकअॅब्सॉर्बर, हब, ब्रेकचे होज, सगळ्यांवर एकाच डब्यातून एकच कोट ओढलास. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! गाडीखालच्या प्रत्येक भागाचं काम वेगळं आहे. चेसिस भार पेलते. पाटा वाकतो आणि सरळ होतो. पिन आणि बुश घासतात. यू-बोल्ट आवळून धरतो. हबचा चेहरा चाकाला घट्ट टेकून राहतो. ज्या भागाचं जे काम, त्याला अडथळा न आणणारं कोटिंग निवडायचं. डब्यावरचं चित्र बघून निवडायचं नाही, भागाकडे बघून निवडायचं. मला तुला एवढंच शिकवायचं होतं आणि एवढंच तू विसरलास.

चेसिसच्या बाहेरच्या अंगाला दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर उत्तम. तो लोखंडाला घट्ट धरतो आणि पाणी सहज आत सोडत नाही. पण उन्हानं इपॉक्सीची भुकटी उडते, म्हणून ऊन लागणाऱ्या भागांवर त्यावर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, थर हवा. बेस आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, ते मापानं घ्यायचं, अंदाजानं ओतायचं नाही. मिसळलेला माल दर 10 अंश तापमान वाढलं की साधारण निम्म्या वेळात आवळतो. तुमच्याकडे मे महिन्यात पारा 45 वर जातो, तेव्हा डब्यात सकाळी कालवलेलं दुपारी वापरायचं नाही, आणि उन्हानं तापलेल्या चेसिसवर तर मुळीच मारायचं नाही. थिनर वाटेतच उडतो आणि थर भुसभुशीत बसतो. हिवाळ्यात उलट. लोखंड दवबिंदूपेक्षा किमान 3 अंशांनी गरम हवं आणि हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत हवी, नाहीतर तू दवावर रंग मारतो आहेस.

लाल ऑक्साइडचा डबा तुझ्या कपाटात रांगेत दिसला. त्याबद्दलही तुझा गैरसमज आहे. पूर्वी शेंदराचा प्रायमर असे. त्यातलं शिसं लोखंडाला गंजापासून राखत असे, पण ते विषारी म्हणून तो मागं पडला. लाल ऑक्साइडचा रंग तसाच लाल, गुण मात्र तो नाही. तो नुसता पाया आहे. त्याच्यावर दुसरा थर नाही पडला तर त्यातून पाणी झिरपतं. ‘दोन हात रेड ऑक्साइड मारला, आता बघायला नको’ हे वाक्य तुझ्या तोंडून मला पुन्हा ऐकायचं नाही.

बॉक्स सेक्शनच्या आत ब्रश पोचत नाही आणि गनचा फवाराही अर्धवट पोचतो. तिथं मेणासारखं किंवा लॅनोलिनचं कॅव्हिटी कोटिंग, लांब नळीनं, सगळीकडे फिरणारं. ते कडक होत नाही, फटीत सरकत जातं, वरचेवर पुन्हा देता येतं. आणि ते देताना खालची पाणी जायची भोकं मोकळी ठेवायची. ती भोकं कारखान्यानं मुद्दाम ठेवलेली असतात. तू ती रबरी कोटानं लिंपलीस. चेसिसची गटारं बुजवलीस आणि वर पैसे घेतलेस.

पाटे आता. पाटा हे साधं लोखंड नव्हे. ते कडक करून पाणी दिलेलं स्प्रिंग स्टील आहे. त्याच्या पृष्ठभागावर कारखान्यात छऱ्यांचा मारा केलेला असतो, म्हणजे वरचा थर दाबाखाली राहतो आणि चीर लवकर सुरू होत नाही. त्यावर तू ग्राइंडरची चकती फिरवलीस! आडवे ओरखडे मी बोटानं मोजले. त्या प्रत्येक ओरखड्यापासून पाटा तुटायला सुरुवात होऊ शकते. पाट्यावर फक्त वायर ब्रश. ॲसिड लावायचं नाही. गंज काढायला ॲसिडमध्ये बुडवलेल्या कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि तो भाग वरून चकचकीत दिसत असतानाच, पुढं भार आल्यावर, सूचना न देता तुटतो. म्हणून पाट्यांना इलेक्ट्रोप्लेटिंग किंवा जस्ताची डुबकी आपल्या गॅरेजच्या पातळीवर विचारातही आणायची नाही. पातळ इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर लवचीक पीयू, दोन्ही पातळ. पाट्यांच्या मध्ये कंपनीनं ग्रीस सांगितलं असेल तर ग्राफाइट ग्रीस, आणि नसेल सांगितलं तर काही नाही. तुझ्याकडे पाट्यांवर जळलेलं ऑइल ओतायची जी जुनी रीत आहे ती बंद कर. त्यावर धूळ बसून घासपेपर तयार होतो, रबरी बुश फुगून सैल होतात आणि उरलेलं ऑइल शेतात जातं.

यू-बोल्टच्या खालच्या बैठकीवर आणि हबच्या चेहऱ्यावर जाड कोट का नको, हे तुला शिकवलं होतं. विसरलास म्हणून पुन्हा. नट आवळताना जो ताण बोल्टमध्ये येतो, त्याच्यावर सगळं टिकलेलं असतं. मध्ये रबरासारखा थर असला की तो हळूहळू दबतो, बाहेर सरकतो आणि ताण कमी होतो. नट जागेवर दिसतो, पण आवळलेला राहत नाही. यू-बोल्ट ढिला पडला की सेंटर बोल्ट तुटतो. चाकाचे नट ढिले पडले की चाक निघून जातं. त्या पिकअपचा कटकट आवाज दोन्हींमधून येत होता, ब्रॅकेटमधूनही आणि यू-बोल्टमधूनही. टेकणारे चेहरे आणि आटे मास्किंग टेपनं झाकायचे, साफ ठेवायचे, आवळून झाल्यावर बाहेरून कोटिंग. आणि थोडी गाडी चालवून पुन्हा टॉर्क तपासायचा.

शॉकअॅब्सॉर्बरच्या क्रोमच्या दांड्यावर तुझा कोट होता. दांडा आत-बाहेर होतो तेव्हा तो वाळलेला कोट सील फाडतो. तेल गळायला लागलेलं आहे. ब्रेकच्या होजवर कोट होता, त्यामुळे होजला चीर पडली आहे की नाही हे कुणालाच दिसणार नाही. सायलेन्सरजवळचा कोट उन्हाळ्यात वितळून ठिबकेल. ग्रीसचे निपल बुजले होते, म्हणजे शॅकलला ग्रीस गेलेलंच नाही. आणि चेसिस नंबर! तोही कोटाखाली. आठ वर्षं उलटलेल्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं. तिथं नंबर दिसला नाही तर मालकाला परत पाठवतील, आणि तो नंबर शोधायला कुणीतरी ग्राइंडर लावला तर नंबरच घासला जाईल. एका दुपारच्या कामात तू त्या माणसाला किती ठिकाणी अडचणीत टाकलंस, याची यादी तू स्वतः लिहून काढ.

मग तू म्हणालास, ‘सर, एवढं करण्यापेक्षा सगळंच गॅल्व्हनाइज करून टाकू.’ तुमच्या तालुक्यात 19 नोव्हेंबर 2021 ला 600 मेगावॉटच्या सौर पार्कची पायाभरणी झाली, तेव्हापासून तुझ्या डोक्यात जस्त आहे. सौर पॅनेलांचे सांगाडे जस्तात बुडवतात हे खरं, आणि ते योग्यच आहे. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजतं. प्रमाण विभव आठव: जस्त उणे 0.76 व्होल्ट, लोखंड उणे 0.44. म्हणून ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त उघड्या लोखंडाला राखतं. पण सांगाडा शेतात उभा असतो. तो पाट्यासारखा वाकत नाही, त्यावर जोडलेलं इंजिन नसतं. चेसिस साधारण 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवायची तर ती पूर्ण उघडी करावी लागते, बंद पोकळ्यांना हवा जायला भोकं पाडावी लागतात, नाहीतर आतली हवा आणि पाणी तापून स्फोट होतो. पातळ पत्रे वाकतात. नंतर वेल्डिंग केलंस तर जस्ताचा धूर तुझ्याच छातीत जातो. सुटं ब्रॅकेट, पायदान, बंपरचा आधार, असे साध्या लोखंडाचे भाग खुशाल जस्तात बुडव. चेसिस आणि पाटे नाही.

आणि ‘कोल्ड गॅल्व्हनाइज’ म्हणून जो डबा तू मागवलास, तो जस्ताचा रंग आहे. त्यातलं जस्त लोखंडाला प्रत्यक्ष टेकलं तरच काम करतं. तू ते गंजावर मारलंस. गंजावर मारलेलं जस्त म्हणजे महागडा राखाडी रंग, त्यापलीकडे काही नाही. गंज पातळ आणि घट्ट असेल तर फॉस्फोरिक ॲसिडचा किंवा टॅनिनचा रस्ट कन्व्हर्टर चालतो, चेसिसवर, पाट्यावर नव्हे. पण तोही पोपडे सुटणाऱ्या गंजावर हरतो. आणि कन्व्हर्टरवर जस्ताचा रंग मारायचा नाही, मध्ये थर आला की जस्ताचा लोखंडाशी संबंध तुटतो.

पावडर कोटिंगचंही तसंच. पुण्याकडे चाकण-भोसरीच्या कारखान्यांत सुटे भाग सात टाक्यांच्या प्रक्रियेतून काढतात: तेल काढणं, गंज काढणं, फॉस्फेटिंग, पॅसिव्हेशन आणि मधले धुण्याचे टप्पे. त्यानंतर पावडर, 180 ते 200 अंशांच्या भट्टीत. मोठ्या कंपन्या त्याऐवजी किंवा त्याआधी सीईडी करतात. त्यात भाग रंगाच्या टाकीत बुडवून वीज सोडतात, म्हणून पोकळीच्या आतही थर बसतो. ही कामं चांगली आहेत, कारण आधीच्या टाक्या चांगल्या आहेत. झाशीला एखाद्याकडे नुसती भट्टी आणि गन असेल आणि टाक्या नसतील, तर तिथलं पावडर कोटिंग दगड लागून एकदा टवका उडाला की कडेनं सुटत जातं, आणि गंज खालून मैलभर पुढं गेलेला असतो. भाग देण्याआधी त्याच्या टाक्या बघून ये. रबरी बुश काढूनच भट्टीत द्यायचे, हेही तुला सांगायची वेळ येऊ नये.

राहिली तुझी आवडती सबब: ‘व्हिडिओत असंच करतात सर.’ ज्यांचे व्हिडिओ तू बघतोस त्यांच्याकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. त्यांची गाडी, त्यांचं मीठ, त्यांची हवा वेगळी. आणि तिथंही काही सगळं सोन्याचं नाही. टोयोटासारखी कंपनी. तिच्या टॅकोमा, टंड्रा आणि सिक्वोया या गाड्यांच्या चेसिस गंजतात म्हणून अमेरिकेत खटला झाला. 2016 मध्ये कंपनीनं दोष मान्य न करता तडजोड केली, सुमारे 15 लाख गाड्या, आणि खर्चाचा अंदाज 340 कोटी डॉलरपर्यंत. त्यात गाड्यांच्या चेसिस तपासून द्यायच्या आणि कुजलेल्या बदलून द्यायच्या होत्या. चेसिस कुजली तर काय करायचं याचं उत्तर तिथंही ‘तपासा आणि बदला’ हेच आलं. ‘वरून काळा मारा’ असं उत्तर कुणी दिलं नाही.

शेवटची सबब पैशाची. ‘एवढं केलं तर गिऱ्हाईक पैसे देणार नाही.’ बरोबर, सगळेच देणार नाहीत. मग त्यांना परवडेल असं प्रामाणिक काम दे. माती काढ, धू, वाळव, हातोडीनं तपास, गंजलेल्या जागा दाखव, बॉक्सच्या आत मेणाचं कोटिंग दे आणि दर वर्षी पावसाळ्याआधी पुन्हा आण म्हणून सांग. एवढ्यानंही गाडीचं भलं होतं, आणि हे स्वस्त आहे. महागात पडतं ते तुझं चकचकीत काम, जे दोन पावसाळे गेल्यावर चेसिसच खाऊन टाकतं. गिऱ्हाईक गरीब आहे म्हणून त्याला खोटं काम द्यायचं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलं आहे? गरीब माणसाकडे दुसरी गाडी नसते. त्याच्या कामात तर जास्त जपून हात घालायला हवा.

तुझ्यावर मी चिडलो आहे, कारण तुझा हात चांगला आहे हे मला माहीत आहे. वाईट हाताच्या पोरावर मी एवढा वेळ घालवला नसता. तू वेल्डिंगची सीम एका दमात सरळ ओढायचास, टॉर्क रेंचचा आवाज कान देऊन ऐकायचास. ते कान आणि ते हात अजून तुझ्यापाशी आहेत. आळस मात्र तू नवीन जोडलास, आणि घाई.

आता काय करायचं ते ऐक. आजच त्या मालकाला फोन कर. गाडीत माल भरू नको, माणसं बसवू नको, ती रिकामी घेऊन ये, असं सांग. चूक माझी आहे असंही सांग, शब्द न फिरवता. त्याचे कोटिंगचे पैसे परत दे. ब्रॅकेट नवीन, गाडी कंपनीनं सांगितलेल्या पद्धतीनं बसवलेलं. पाटे उतरव, प्रत्येक पाट्यावर चीर आहे का बघ, ग्राइंडरचे ओरखडे खोल असतील तर पाटा बदल, आणि ते पैसे तुझ्या खिशातून. सगळा कोट खरवडून काढ, भोकं मोकळी कर, नंबर मोकळा कर. त्यानंतर गेल्या वर्षभरात तू ज्या ज्या गाड्यांना हाच कोट मारलास, त्यांची यादी वहीत काढ आणि एकेकाला बोलावून हातोडी लाव.

पुढच्या रविवारी मी गरौठ्याला येतो. वही आणि त्या पाट्यांचे तुकडे दोन्ही समोर ठेव. तोपर्यंत कोटिंगचा एकही नवा डबा उघडायचा नाही.